उजव्या डोळ्याला दिसलेला लाल

४ मार्च, मंगळवार

पट्टी निघाली. छत पांढरं आहे!

मला वाटत होतं दवाखान्यानं छताला साईसारखा पिवळट रंग दिलाय. ताईचा स्वेटर गेली दोन वर्षं मी मातकट म्हणतेय, तो फिकट निळा निघाला. ताई म्हणाली, "मग काय तर! मी मातकट घालीन होय?"

डॉक्टरीणबाई भल्या. हात हलका, बोलणं त्याहून हलकं. विचारलं, काम काय करता? म्हटलं, छिन्न्यांना पाणी देते. शेजारची नर्स म्हणाली, "पाणी? गंजत नाहीत का हो?" मग सगळं समजावून सांगितलं. छिन्नी नुसती घडवली की मऊच असते. भट्टीत लाल करायची, आणि नेमका रंग आला की तेलात बुडवायची. मग ती कडक होते, धार धरते. त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी नसतंच त्यात, तेल असतं. नर्सनं डॉक्टरीणबाईंकडे असं पाहिलं, जणू माझी भूल अजून उतरलेली नाही.

दोन आठवडे भट्टीजवळ जायचं नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढच्या महिन्यात काढणार.

५ मार्च

दिवसातून सहा वेळा थेंब. ताई घड्याळ लावून बसते. तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं तिनं — तास झाला की घंटा झालीच पाहिजे. मी अठ्ठावन्न वर्षांची, पण "मान वर! पापणी मिटू नको!" ऐकलं की सातवीत गेल्यासारखं होतं. घरदार सोडून माझ्यासाठी आली आहे. तोंडावर बोलले तर फटकारेल, म्हणून इथे लिहिते — ताई, तुझे उपकार.

७ मार्च

आज शिकवणी झाली!

दुपारी सहज म्हटलं, ताई, लोखंड तापलं की आधी लालच का होतं? अठ्ठावीस वर्षं भट्टीपाशी बसते. काळं, मग अंधारात जेमतेम दिसणारा लाल, मग भडक लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा. दर वेळी हाच क्रम. एकदाही चुकला नाही. का?

तिनं पडदे ओढले आणि विजेची शेगडी लावली. लावल्या लावल्या म्हणाली, "काय दिसतंय?" काहीच नाही. "हात धर वर." धरला. ऊब! "म्हणजे काहीतरी येतंय ना बाहेर? तोही प्रकाशच. तुझ्या डोळ्याला दिसत नाही, कातडीला कळतो."

मग सांगत गेली. म्हणे, जगातली प्रत्येक वस्तू सतत असा प्रकाश टाकत असते. ही भिंत टाकते, तू टाकतेस. वस्तूच्या आतले कण कायम थरथरत असतात. थरथर मंद असेल तर निघणाऱ्या लाटा लांब — त्या आपल्याला दिसत नाहीत. उष्णता वाढली की थरथर वाढते, आखूड लाटाही निघायला लागतात. आणि डोळ्याला दिसणाऱ्या रंगांत सगळ्यात लांब लाट लालाची. म्हणून लाल पहिला दारात येतो.

"आणि नारिंगी आला की लाल जातो?"

"कुणी जात नाही गं! लाल असतोच, उलट वाढलेला असतो. त्यात पिवळा येऊन मिसळतो, मग हिरवा, मग निळा. सगळे आले की पांढरं."

कॉइल तोवर नारिंगी झाली होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या अंधारात शेगडीकडे बघत बसलो होतो. मला एकदम आठवलं — भट्टी पुरती तापली की आतली वीट, कोळसा, लोखंड सगळं एकाच रंगाचं होतं. छिन्नी कुठली न् वीट कुठली, कळत नाही. ताईला सांगितलं तर टाळी वाजवली तिनं! म्हणाली, "बरोबर! वस्तू कुठली याला महत्त्व नाही, तापमान किती ते महत्त्वाचं. हे पुस्तकात वाचून मी पोरांना सांगायचे. तू रोज बघत आलीस."

ज्याच्यावर आयुष्यभर पोट चाललं त्याचं कारण आज कळलं.

८ मार्च

मी विचारलं, मग मध्ये हिरवा का नाही येत? लाल, पिवळा, त्याच्यानंतर हिरवाच हवा की! हिरवं लोखंड कधी पाहिलं नाही.

ताई "उद्या सांगते" म्हणून उठून गेली! ताई! माझी कॉलर ताठ!

९ मार्च

सकाळी चहाचा कप हातात असतानाच म्हणाली, "हिरवा येतो. पण एकटा येत नाही. तो जोरात येईपर्यंत लाल-पिवळे आधीच भरपूर, मागून निळाही थोडा आलेला. डोळा सगळ्यांना एकत्रच पाहतो, म्हणून पांढरं दिसतं." रात्रभर डोक्यात घोळवलं असणार. कबूल करणार नाही.

१० मार्च, सोमवार

आज एक खेळ केला आणि तो अंगाशी आला.

दुधाचा पेला समोर ठेवला. डावा डोळा झाकला — दूध पांढरं. उजवा झाकला — दूध कसलं, पातळ चहा! आणि मंद, धुरकट. हसले. पुन्हा केलं, पुन्हा हसले.

मग हसू गेलं.

डाव्यासारखाच उजवाही होता, परवापर्यंत. म्हणजे दोन वर्षं, कदाचित जास्तच, मी भट्टीतला रंग या चहातून बघत होते. नेमक्या लालाला छिन्नी काढते म्हणून माझं नाव. पण तो लाल मला मंद दिसत असेल तर?

ताईला विचारलं. ती खोटं बोलत नाही, हीच तिची खोड. म्हणाली, "तर मग तुला हवा तेवढा उजेड दिसेपर्यंत तू जास्त तापवत असशील."

जास्त तापलेलं पोलाद आतून खराब होतं. त्याचे दाणे मोठे होतात. वरून काही कळत नाही, पण दगडावर घाव बसला की धारेचा टवका उडतो. कुणाच्या तरी डोळ्यात जाऊ शकतो.

आठवड्याला चाळीस छिन्न्या. दोन वर्षं.

११ मार्च

जेवण गेलं नाही. ताई रागावली नाही, यावरूनच समजावं.

१३ मार्च

नियम मोडला. कारखान्यात गेले. भट्टीपाशी नाही, फक्त तयार मालाच्या कपाटापाशी. ताई बरोबर होती, पोलिसासारखी.

दिरांचं लिहायला हवं. ह्यांचे धाकटे भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि अठ्ठावीस वर्षं आमच्यात याहून फारसं बोलणं नाही. सासऱ्यांचा हात थांबला तेव्हा पाणी द्यायचं काम कुणाकडे जाणार हा प्रश्न आला. हे घणावर होते. हक्कानं जागा भाऊजींची. पण ह्यांनी मला बसवलं! मी सून, लग्नाला दोन वर्षं झालेली. "हिचा डोळा चांगला आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून भाऊजी भट्टीकडे पाठ करून ग्राइंडरवर बसले, ते आजतागायत. धार लावतात, मुठी बसवतात. माझ्या कोपऱ्यात पाऊल नाही. काही विचारायचं तर लांबून. मी म्हणायची, माणूस रुसला तरी किती रुसावा! ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली, तरी रुसवा तसाच.

आजही ग्राइंडरवर होते. मान वर केली नाही.

कपाटातल्या तीन छिन्न्या घेतल्या, एकेक व्हाइसमध्ये आवळून मोडली. घाव ताईनं घातले — मला वजन उचलायची बंदी. तिसऱ्या घावाला तिला चांगलीच मजा यायला लागली होती. आवाज ऐकून भाऊजी लांबूनच म्हणाले, "काय मोडताय?"

"काही नाही. बघतेय."

ते एकदम उभे राहिले, मग पुन्हा बसले.

मोडलेली कड उजव्या डोळ्यानं पाहिली. मला वाटलं होतं साखरेसारखे जाड दाणे चमकतील. नव्हते! तिन्हींची कड बारीक, राखाडी, रेशमासारखी. यापेक्षा चांगलं पाणी देता येत नाही.

मग मला झालंय काय?

१४ मार्च

मूर्तिकार बाईंना फोन केला. वीस वर्षं आमच्याच छिन्न्या वापरतात, आणि काही बिनसलं की पहिल्यांदा त्याच ओरडतात. म्हटलं, दोन वर्षांत काही तक्रार? म्हणाल्या, "अहो, उलट! एकीसारखी एक. हात बसलाय तुमचा आता."

आता! अठ्ठावीस वर्षांनी!

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळाली. संरक्षक चष्मा लावून, अर्धा तास, जास्त नाही.

माझा कोपरा. खिडकीला काळा पडदा, कारण उन्हात रंग फसवतो. भट्टी पेटवली, एक छिन्नी ठेवली. उजवा डोळा झाकून डाव्यानं बघत राहिले. आला — माझा रंग! भडक लाल, नारिंगीच्या उंबरठ्यावरचा. याच रंगाला काढत आले. सांडशीनं उचलली आणि क्षणभर उजवा डोळा उघडला.

पिवळी! उंबरठा कधीच ओलांडून आत जाऊन बसलेली!

तशीच तेलात बुडवली. तिच्या दांड्यावर कानशीनं बारीक खाच केली आणि ऑपरेशनच्या आधीच्या, धार लावायच्या राहिलेल्या छिन्न्यांबरोबर ट्रेमध्ये ठेवून दिली. उद्या मोडणार. आता शंका उरली नाही. दोन वर्षं मी सगळ्या छिन्न्या जाळल्या आहेत. कपाटातल्या तीन कशा चांगल्या निघाल्या, देव जाणे.

१८ मार्च

खाचेची छिन्नी सकाळी नऊला मोडली.

कड रेशमासारखी.

खाच माझीच. जागा तीच. ताई म्हणाली, "एका रात्रीत पोलाद आपोआप सुधारत नाही. कुणीतरी सुधारलंय."

कारखान्याची किल्ली दोघांकडेच असते. आणि सकाळी वीज चांगली मिळते, म्हणून लवकर येतो असं सांगणारा माणूस एकच.

१९ मार्च, बुधवार

सहाला गेले. ताईला नेलं नाही.

मागच्या शेडमध्ये मुठीचे गज वाकवायची एक लहान भट्टी आहे. ती पेटलेली. भाऊजी पाठमोरे, पायांशी माझा तोच ट्रे. एक छिन्नी भट्टीत. तारेला बांधलेलं लोहचुंबक हातात. छिन्नी बाहेर काढायची, चुंबक जवळ न्यायचं. चिकटलं तर परत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा चुंबक. एका क्षणी चिकटेना. पोलाद ठरावीक तापलं की चुंबकाला ओळखच देत नाही, आणि पाणी द्यायची वेळ त्याच्या जरा पुढे असते. भाऊजींनी छिन्नी आणखी थोडी आत धरली, बाहेर काढून विटेवर निवत ठेवली. मग निवलेली दुसरी उचलली, पुन्हा तसंच सगळं, आणि या वेळी तेलात.

म्हणजे माझी जळलेली छिन्नी आधी तापवून निववायची, दाणे बारीक करायचे, मग नव्यानं पाणी द्यायचं. प्रत्येक छिन्नी दोनदा. आठवड्याला चाळीस.

"भाऊजी."

दचकले. चुंबक खाली पडलं.

"कधीपासून?"

चुंबक उचललं, पुसलं. मग म्हणाले, "दोन वर्षं होतील. धार लावताना एकीचा टवका उडाला. आत साखर दिसली. दुसरी मोडली, तीही तशीच."

"मला सांगायचं ना!"

"काय सांगू? डोळे गेले, उठा तिथनं, असं?" ते छिन्नीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "दादा गेल्यावर तुम्ही महिनाभर अन्नाला शिवला नव्हता. पहिल्यांदा जेवलात ते भट्टी पेटवून आल्यावर. आम्ही घरात सगळ्यांनी पाहिलं होतं. ती जागा मी काढून घेऊ?"

मी तिथेच खाली बसले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाले, "आता डोळा झालाय ना? मग सुटलो बुवा. थंडीत फार लवकर उठावं लागायचं."

२० मार्च

काल घडलं तेवढंच लिहिलं, बाकीचं आज लिहिते.

दोन वर्षं एक माणूस पहाटेचा उठून माझी चूक दुरुस्त करतो, आणि नऊ वाजता मी आले की ग्राइंडरवर पाठ करून बसतो. आणि मी घरी येऊन या वहीत काय लिहिते? मागची पानं चाळली. "भाऊजींचं तोंड आजही वाकडं." "यांचा स्वभाव जळला." एका ठिकाणी तर — "बरं झालं ती जागा यांना दिली नाही." आपलंच अक्षर, ओळखू येईना.

ते फाडणार नाही. तसंच राहू दे.

किती जणांचे हात लागले मला या एका महिन्यात! डॉक्टरीणबाईंनी डोळा दिला. ताईनं थेंब घातले, आणि रंग म्हणजे काय ते सांगितलं. भाऊजींनी माझं नाव राखलं — आणि मूर्तिकार बाईंचे डोळेही, त्यांना त्याचा पत्ता नाही. मी काय केलं? मी मजेत बसले होते, आपला हात बसलाय म्हणून.

एक गोष्ट ठरवली आहे. ताईला सांगितली. म्हणाली, "विचार केलास ना?" केला. जागा त्यांचीच होती. अठ्ठावीस वर्षं उशिरा, पण देणार.

२२ मार्च, शनिवार

फार वाईट झालं.

हॅमरवरचे दोघे कामगार, ताई, सगळे समोर असताना मी सासऱ्यांची लांब सांडशी भाऊजींच्या हातात दिली. म्हटलं, आजपासून पाणी तुम्ही द्यायचं. मी धार लावायला शिकेन. ही जागा आधीपासूनच तुमची, चूक आमच्याकडून झाली.

मला वाटलं होतं हसतील. निदान मान हलवतील. त्यांचा चेहरा पांढराफटक. सांडशी अशी धरली होती, जणू मीच ती तापवून दिली. मी आपली बोलतेच आहे — "या ना, बसा, भट्टी पेटलीय, आज पहिली छिन्नी तुम्ही काढा." त्यांनी काळ्या पडद्याच्या आत पाऊल टाकलं, भट्टीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माझ्याच्यानं व्हायचं नाही." सांडशी ऐरणीवर ठेवली. चप्पल घातली. गेले. भर कामाच्या दिवशी, अकरा वाजता!

हॅमरवाले एकमेकांकडे बघत राहिले. ताई म्हणाली, "तू चारचौघांत द्यायला नको होतंस." मी म्हटलं, चारचौघांत काढून घेतली होती, मग चारचौघांत नको द्यायला?

अजूनही कळत नाही मी काय चुकले. एवढं केलं त्या माणसानं माझ्यासाठी, आणि मी एक गोष्ट द्यायला गेले, तीही धड देता आली नाही.

२३ मार्च, रविवार

भाऊजी आले होते. बसले नाहीत. दारातच म्हणाले, "वहिनी, मला लाल दिसत नाही."

मला वाटलं, मोतीबिंदू. म्हटलं, आपल्या डॉक्टरीणबाईंकडे —

"नाही. जन्मापासून. लाल मला काळपट मातीसारखा दिसतो. तुम्ही लाल म्हणता तेव्हा मला भट्टीत अंधार असतो. फक्त दादाला माहीत होतं. लोहाराच्या पोराला लाल दिसत नाही, हे गावभर झालं असतं. म्हणून त्यानं तुम्हाला बसवलं. लोक म्हणाले धाकटा रुसला. मी म्हटलं, म्हणू देत. रुसलेल्याला कुणी रंग विचारत नाही."

ह्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही. शेवटच्या आजारातही नाही.

मी म्हटलं, म्हणजे माझा डोळा चांगला म्हणून नव्हे?

"तेही खरंच होतं," भाऊजी म्हणाले. मग, "एक विचारू? लाल म्हणजे नेमकं काय दिसतं हो तुम्हाला?"

अठ्ठावीस वर्षं दुसरं काही पाहिलं नाही मी. एक शब्द सुचेना. म्हटलं, आत या भाऊजी. बसा. वेळ लागेल.